बाग ट्रॅक्टर सुरू न होणे : कारणे आणि निदान

बाग ट्रॅक्टर हा घराभोवतीची हिरवळ, परसबाग, फळबाग आणि लहान शेते यांत वापरला जाणारा छोटा चारचाकी ट्रॅक्टर होय. हे यंत्र वर्षातील मोठा काळ उभे असते आणि हंगाम येताच एकदम कामाला जुंपले जाते. त्यामुळे ऐन वेळी ते सुरू न होणे ही त्याच्या वापरातील नित्याची अडचण आहे. अशा वेळी दोष कोठे आहे याचा शोध न घेता आधी बॅटरी, मग स्पार्क प्लग, मग कार्बुरेटर असे एकामागून एक भाग बदलले जातात. खर्च वाढतो आणि मूळ दोष पुष्कळदा तसाच राहतो. वास्तविक किल्ली फिरवल्यावर ऐकू येणारा आवाज, एक साधा मल्टिमीटर आणि ठरावीक क्रमाने केलेल्या तपासण्या यांच्या साहाय्याने बहुतेक दोष शोधता येतात. घाईने योजलेले उपाय, विशेषतः सुरक्षा स्विच टाळून इंजिन सुरू करणे, जिवावर बेतू शकतात. म्हणून निदानाची पद्धत हा सुरक्षिततेचाही भाग मानला जातो.

यंत्राचे स्वरूप

बाग ट्रॅक्टरांचा प्रसार प्रामुख्याने अमेरिकेत झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील उपनगरांत स्वतंत्र घरे आणि त्यांभोवतीची मोठी अंगणे वाढली, तशी या यंत्रांची मागणीही वाढली. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ मध्ये ‘कब कॅडेट’ आणि जॉन डिअर कंपनीने १९६३ मध्ये ‘११०’ हा बाग ट्रॅक्टर बाजारात आणला. केवळ गवत कापण्यासाठी असलेल्या हलक्या लॉन ट्रॅक्टरपेक्षा बाग ट्रॅक्टरचा सांगाडा भक्कम व मागील चाके मोठी असतात आणि त्याला नांगर, माती भुसभुशीत करणारी अवजारे किंवा बर्फ हटवण्याचे पाते जोडता येते. मात्र दोन्हींची सुरू होण्याची यंत्रणा जवळजवळ सारखीच असते.

या यंत्रांत बहुधा एका किंवा दोन सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे, चार धावांचे पेट्रोल इंजिन असते. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, कोहलर आणि कावासाकी हे या इंजिनांचे प्रमुख उत्पादक होत. विद्युत यंत्रणा १२ व्होल्टची असते. किल्लीपासून इंजिनापर्यंत वीज फ्यूज, सुरक्षा स्विच, सोलेनॉइड आणि स्टार्टर मोटर या मार्गाने पोहोचते. महाराष्ट्रात ज्यांना मिनी ट्रॅक्टर म्हणतात ते बहुतांशी डिझेलवर चालतात. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

इंजिन सुरू होण्याच्या अटी

कोणतेही पेट्रोल इंजिन सुरू होण्यासाठी चार गोष्टी जुळून याव्या लागतात.

१. इंजिन पुरेशा वेगाने फिरवले गेले पाहिजे.
२. हवा व पेट्रोल यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण सिलिंडरमध्ये पोहोचले पाहिजे.
३. ते मिश्रण पिस्टनने पुरेसे दाबले गेले पाहिजे. या क्रियेस संपीडन म्हणतात.
४. योग्य क्षणी जोरदार ठिणगी पडली पाहिजे.

यांपैकी एकही अट अपुरी राहिली, तर उरलेल्या तिन्ही असून उपयोग होत नाही. निदान म्हणजे या चारांपैकी कोणती अट मोडली आहे हे ठरवणे. पहिली अट पूर्ण होते की नाही हे कानाने कळते. म्हणून किल्ली फिरवल्यावर नेमके काय होते, हा निदानाचा प्रारंभबिंदू ठरतो.

लक्षणांवरून प्राथमिक अनुमान

• कोणताच आवाज नाही : बॅटरी पूर्ण उतरलेली, फ्यूज जळालेला, सुरक्षा स्विच उघडा किंवा किल्लीचा स्विच बिघडलेला.
• एकच ‘टक्’ असा आवाज : बॅटरी कमजोर, जोड गंजलेले, सोलेनॉइड किंवा स्टार्टर मोटर सदोष.
• लागोपाठ ‘टक-टक-टक’ : बहुधा बॅटरी उतरलेली किंवा तिचे जोड सैल.
• स्टार्टर मोटर घरघरते, पण इंजिन हलत नाही : स्टार्टरचे लहान दातेरी चाक किंवा फ्लायव्हीलचे दाते झिजलेले.
• इंजिन थोडे फिरून अडकते : बॅटरी कमजोर, झडपांतील मोकळीक वाढलेली किंवा सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेले.
• इंजिन नीट फिरते, पण पेट घेत नाही : ठिणगी, इंधन, हवा किंवा संपीडन यांपैकी एकाचा अभाव.

पूर्वतयारी आणि दक्षता

तपासणीपूर्वी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हातब्रेक लावावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि चाकांना अडण लावावी. पात्यांजवळ हात घालण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवावी. हाताने पाते फिरवतानाही इंजिनाला फेरा बसू शकतो. बॅटरी सोडवताना ऋण टोकाची तार प्रथम काढावी आणि जोडताना ती शेवटी लावावी. असे केल्याने पाना चुकून सांगाड्याला टेकला, तरी ठिणगी उडत नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून तिच्याजवळ काडी पेटवू नये. बंद खोलीत इंजिन चालवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. हा वायू रंगहीन व गंधहीन असल्याने त्याचा सुगावा लागत नाही आणि तो प्राणघातक ठरतो.

यानंतर अगदी साध्या गोष्टी पाहाव्यात. टाकीत पेट्रोल आहे का, इंधनाचा कॉक उघडा आहे का, ब्रेकचे पेडल पूर्ण दाबले आहे का, पात्यांचा क्लच बंद आहे का आणि चोक ओढला आहे का, एवढ्या पाच प्रश्नांतच अनेकदा अडचण संपते.

किल्ली फिरवूनही काहीच न होणे

बॅटरीची तपासणी प्रथम करावी. काही तास विश्रांती घेतलेल्या, पूर्ण चार्ज असलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचा विद्युतदाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. १२.२ व्होल्टला ती जवळपास निम्मी आणि १२ व्होल्टच्या खाली बहुतांशी उतरलेली समजावी. मात्र नुसत्या व्होल्टवरून बॅटरीची शक्ती कळत नाही. जुनी बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवूनही भार पडताच कोसळते. म्हणून किल्ली फिरवलेली असतानाच तिच्या दोन्ही टोकांवर मापन करावे. अशा वेळी दाब साधारण ९.६ व्होल्टच्या खाली घसरला, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासावी. तरीही सुधारणा नसेल तर ती बदलणे योग्य.

बॅटरी चांगली असेल, तर फ्यूज पाहावा. त्याची क्षमता बहुधा १५ ते २५ अँपिअर असते. तो पुन्हा पुन्हा जळत असेल, तर एखाद्या तारेचे आवरण घासून ती सांगाड्याला टेकत असल्याचे समजावे. मोठ्या क्षमतेचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा बसवणे हा त्यावरील उपाय नव्हे. त्यामुळे तारा पेटू शकतात.

त्यानंतर सुरक्षा स्विचांकडे वळावे. चालकाला इजा होऊ नये म्हणून या ट्रॅक्टरांत सामान्यतः तीन स्विच असतात : ब्रेक किंवा क्लचच्या पेडलखाली, पात्यांच्या क्लचपाशी आणि आसनाखाली. पहिले दोन स्टार्टरच्या मंडलात असतात. पेडल दाबलेले नसेल किंवा पाती जोडलेली असतील, तर स्टार्टरला वीजच मिळत नाही. आसनाखालचा स्विच अनेक नमुन्यांत ठिणगीच्या मंडलाशी निगडित असतो. पाती फिरत असताना चालक उठला, तर तो इंजिन बंद पाडतो. त्यामुळे हा स्विच बिघडला, तर इंजिन फिरते पण पेट घेत नाही, किंवा सुरू होऊन ब्रेक सोडताच बंद पडते. स्विचची जोडणी काढून मल्टिमीटरने त्यातून विद्युतमार्ग जुळतो व तुटतो का हे पाहता येते. कित्येकदा स्विच निर्दोष असतो आणि पेडलची दांडी वाकल्यामुळे तो पूर्ण दाबला जात नाही एवढेच घडलेले असते.

केवळ ‘टक्’ असा आवाज येणे

हा आवाज सोलेनॉइडचा असतो. किल्लीकडून आलेल्या लहान प्रवाहाने बॅटरीचा मोठा प्रवाह स्टार्टरकडे सोडणारा हा विद्युतचुंबकीय स्विच आहे. ‘टक्’ ऐकू आले, याचा अर्थ किल्ली, फ्यूज व सुरक्षा स्विच या सर्वांनी आपले काम केले. दोष त्यापुढे, म्हणजे बॅटरी, जाड तारा, सोलेनॉइडचे स्पर्शबिंदू किंवा स्टार्टर मोटर यांत आहे. एका आवाजाने निम्मी यंत्रणा संशयातून मुक्त होते.

येथे दाबपाताची चाचणी उपयोगी पडते. किल्ली फिरवलेली असताना मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर टेकवावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसल्यास अर्थिंगची तार किंवा तिचा जोड सदोष आहे. हीच चाचणी धन बाजूच्या तारेवर आणि सोलेनॉइडच्या दोन मोठ्या टोकांदरम्यानही करावी. सोलेनॉइड ‘टक्’ करूनही त्याच्या पलीकडील टोकावर पुरेसा दाब येत नसेल, तर त्याचे स्पर्शबिंदू जळालेले असतात. मोटरपर्यंत पुरेसा दाब पोहोचूनही ती फिरत नसेल, तर ती उघडून तिचे कार्बन ब्रश पाहावे लागतात. वरून स्वच्छ दिसणाऱ्या जोडाच्या आत पांढरट किंवा हिरवट गंज असणे ही नेहमीची गोष्ट आहे. पुष्कळदा पॉलिश पेपरने जोड घासून घट्ट बसवणे एवढाच उपाय पुरतो.

इंजिन थोडे फिरून अडकणे

इंजिन अर्धा फेरा घेते, दबावाच्या धावेशी अडते आणि क्वचित मागे धक्का देते. या लक्षणावर बहुतेकदा बॅटरी किंवा स्टार्टर बदलला जातो. बॅटरी खरोखर चांगली असेल, तर कारण बहुधा वेगळे असते. सुरू होताना भार हलका व्हावा म्हणून या इंजिनांच्या कॅमदंडावर एक लहानशी सोय केलेली असते. ती कमी वेगात एक झडप किंचित उघडी ठेवून थोडा दाब सोडून देते. वापराने झडपांतील मोकळीक वाढली, की हा सूक्ष्म उठाव झडपेपर्यंत पोहोचत नाही. पूर्ण संपीडन स्टार्टरच्या वाट्याला येते आणि तो थकतो. अशा वेळी झडपांचे झाकण काढून फीलर गेजने मोकळीक पुन्हा जुळवणे हाच खरा उपाय होय. अनेक एक-सिलिंडर इंजिनांत ही मोकळीक साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असते, परंतु नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतून घ्यावा.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. कार्बुरेटरमधील सुईझडप नीट बसत नसेल, तर उभ्या ट्रॅक्टरच्या टाकीतील पेट्रोल हळूहळू सिलिंडरमध्ये उतरते. द्रव दाबला जात नसल्यामुळे पिस्टन अडतो. बळजबरीने फिरवल्यास संयोजक दांडा वाकू शकतो. तेलाची पातळी वाढलेली दिसली आणि तेलाला पेट्रोलचा वास येत असेल, तर हे कारण नक्की समजावे. स्पार्क प्लग काढून सिलिंडर मोकळा करावा, कार्बुरेटर दुरुस्त करावा आणि तेल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये. पेट्रोल मिसळलेले तेल पातळ होते आणि बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही.

इंजिन फिरते, पण पेट घेत नाही

या अवस्थेत पहिली अट पूर्ण झालेली असते. उरलेल्या तीन अटी तपासायच्या असतात. काही वेळ इंजिन फिरवून स्पार्क प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल, तर इंधन पोहोचत नाही. तो पेट्रोलने ओला असेल, तर ठिणगी नाही किंवा पेट्रोल अति झाले आहे. या एका निरीक्षणाने पुढील शोधाची दिशा ठरते.

ठिणगी : बहुतेक आधुनिक बाग ट्रॅक्टरांत मॅग्नेटो पद्धत असते. फ्लायव्हीलवरील चुंबक कॉइलजवळून जाताना वीज निर्माण करतो. ठिणगीसाठी बॅटरीची गरज नसते. जुन्या कोहलर के-मालिकेतील अनेक इंजिनांत मात्र बॅटरीवर चालणारी कॉइल आणि प्लॅटिनम पॉइंट असत. तेथे पॉइंट काजळलेले किंवा त्यांतील अंतर बिघडलेले असू शकते. चाचणीसाठी ठिणगी दाखवणारे स्वस्त साधन मिळते. ते वापरणे सर्वांत सुरक्षित, कारण उघड्या प्लगची ठिणगी सिलिंडरच्या छिद्रातून येणाऱ्या वाफांना पेट देऊ शकते. ठिणगी नसल्यास प्रथम नवा प्लग वापरून पाहावा. त्यातील अंतर बहुधा पाऊण मिलिमीटर असते. त्यानंतर कॉइलला जोडलेली, इंजिन बंद करणारी बारीक तार क्षणभर सोडवून चाचणी करावी. मॅग्नेटोचे इंजिन बंद करताना कॉइल या तारेने सांगाड्याशी जोडली जाते. तार सोडताच ठिणगी परतली, तर कॉइल निर्दोष असून दोष किल्ली, सुरक्षा स्विच किंवा घासलेल्या तारेत आहे. ही तार सुटी असताना किल्लीने इंजिन बंद होत नाही, म्हणून चाचणी संपताच ती पुन्हा जोडावी. तरीही ठिणगी नसेल, तर कॉइल व फ्लायव्हील यांतील सुमारे पाव मिलिमीटरचे अंतर आणि अखेरीस कॉइल तपासावी.

इंधन : महिनोन्‌महिने साठवलेल्या पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात आणि मागे चिकट थर उरतो. तो कार्बुरेटरच्या बारीक छिद्रांत अडकतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील बाष्प शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढल्यास पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात आणि नेमके तेच प्रथम इंजिनाकडे जातात. अमेरिकेत छोट्या इंजिनांना १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालते. १५ टक्क्यांच्या मिश्रणाचा त्यांतील वापर तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने वर्ज्य ठरवला आहे. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीस आले असल्याने जुनी पेट्रोल इंजिने वापरणाऱ्यांनी इंधन दीर्घकाळ साठवू नये.

इंधनमार्ग टाकीपासून क्रमाने तपासावा : टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र, फिल्टर, नळी, पंप आणि कार्बुरेटर. झाकणाचे छिद्र बुजले, तर टाकीत निर्वात होऊन पेट्रोल उतरेनासे होते. अशा वेळी झाकण सैल करताच इंजिन सुरू होते. अनेक कार्बुरेटरांच्या तळाशी इंधन रोखणारा विद्युत सोलेनॉइड असतो. किल्ली चालू स्थितीत नेताच त्याचा बारीक ‘टिक्’ ऐकू आला पाहिजे. तो नसेल, तर कार्बुरेटर उघडण्याआधी या सोलेनॉइडची वीज पाहावी.

हवा : हवेचा फिल्टर गवताच्या भुशाने तुंबलेला असू शकतो. हिवाळाभर उभ्या राहिलेल्या यंत्रात उंदरांनी फिल्टरच्या पेटीत किंवा इंजिनाच्या आच्छादनाखाली घरटे केल्याचेही आढळते. चोकची तार निसटली असेल, तर थंड इंजिनाला आवश्यक असलेले समृद्ध मिश्रण मिळत नाही. तरफ ओढल्यावर कार्बुरेटरमधील चोकची चकती खरोखर बंद होते का, हे डोळ्यांनी पाहावे.

संपीडन : दाब सोडून देण्याच्या वर सांगितलेल्या सोयीमुळे साध्या दाबमापकावर येणारा आकडा मुळातच कमी असतो. त्यावरून इंजिन निकामी ठरवणे ही चूक होय. सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून ती कोठून गळते हे पाहणारी चाचणी अधिक विश्वसनीय असते. हवा सायलेन्सरमधून आली तर निकास झडप, कार्बुरेटरमधून आली तर अंतर्ग्रहण झडप आणि तेल भरण्याच्या नळीतून आली तर पिस्टनच्या रिंग सदोष असतात.

वेळ चुकणे : ठिणगी, इंधन व संपीडन तिन्ही असूनही इंजिन पेट घेत नसेल आणि मागे धक्के देत असेल, तर फ्लायव्हीलची चावी तुटल्याची शंका घ्यावी. धातूचा हा लहान तुकडा फ्लायव्हीलला योग्य कोनात धरून ठेवतो. हाताने ढकलण्याच्या गवतकापणी यंत्रात पाते दगडावर आपटून ही चावी तुटते. बाग ट्रॅक्टरात पाती पट्ट्यावर चालत असल्याने हे कमी घडते, तरी फ्लायव्हीलचा नट सैल राहिल्यास चावी कातरली जाते आणि ठिणगी चुकीच्या क्षणी पडू लागते.

डिझेलवरील मिनी ट्रॅक्टर

महाराष्ट्रात नाशिक, सांगली यांसारख्या जिल्ह्यांतील द्राक्षबागांत ओळींमधून जाऊ शकणारे अरुंद मिनी ट्रॅक्टर मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. महिंद्रा युवराज २१५ आणि व्हीएसटी शक्ती एमटी १८० डी ही त्यांतील परिचित नावे. गोडी छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला, तर डाऊनी रोगाला रोखण्यासाठी त्याच दिवशी फवारणी करावी लागते आणि फवारणीचा ब्लोअर ट्रॅक्टरवरच चालतो. अशा सकाळी ट्रॅक्टर सुरू न होणे म्हणजे वर्षाचे पीक धोक्यात येणे.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. त्यामुळे बॅटरी, जोड, सोलेनॉइड व स्टार्टर यांची वरील तपासणी जशीच्या तशी लागू पडते. त्यानंतरची मात्र बदलते. आधी इंजिन बंद करण्याची ओढ मागे ओढलेलीच राहिली नाही ना, हे पाहावे. त्यानंतरचे नित्याचे कारण म्हणजे इंधनमार्गात हवा शिरणे. टाकी रिकामी होईपर्यंत ट्रॅक्टर चालवल्याने, फिल्टर बदलल्याने किंवा एखादा जोड सैल झाल्याने असे घडते. शेतकरी याला ‘एअर धरली’ असे म्हणतात. हवा दबते आणि डिझेल दबत नाही. त्यामुळे हवा असेपर्यंत पंपाचा दाब नोझलपर्यंत पोहोचत नाही. हवा काढण्यासाठी फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा आणि बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागताच स्क्रू घट्ट करावा. पुढे पंपावरील स्क्रूपाशी हीच कृती करावी. उच्च दाबाच्या नळ्यांजवळ हात नेऊ नये. नोझलचा फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम किरकोळ दिसली, तरी तातडीने रुग्णालयात जावे लागते.

काही इंजिनांत थंडीसाठी ग्लो प्लग असतात. अशा इंजिनात ईथरचा फवारा मारणे धोक्याचे असते, कारण तापलेल्या प्लगमुळे स्फोट होऊ शकतो. स्टार्टर कमजोर झाल्यावर ट्रॅक्टर उतारावर उभा करून सोडण्याची सवयही घातक आहे. इंजिन सुरू झाले नाही, तर उतारावरचा ट्रॅक्टर आवरणे कठीण जाते. हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्स असलेला बाग ट्रॅक्टर तर ढकलून किंवा ओढून सुरूच होत नाही.

सुरक्षा स्विच टाळण्याचा धोका

स्टार्टर किंवा सोलेनॉइडच्या दोन मोठ्या टोकांवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून इंजिन फिरवण्याची युक्ती अनेकांना ठाऊक असते. ती यशस्वी होते, हेच तिचे संकट आहे. या युक्तीत किल्ली, पेडल व न्यूट्रल यांचे सर्व स्विच टाळले जातात. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल, तर इंजिन सुरू होताच तो पुढे झेपावतो. युक्ती करणारा माणूस त्या क्षणी आसनावर नसून मागच्या चाकासमोर जमिनीवर उभा असतो. अशा अपघातांत माणसे चिरडून मरण पावली आहेत. अमेरिकेतील शेती-सुरक्षेच्या पुस्तिका या कृतीविरुद्ध स्पष्ट इशारा देतात आणि अनेक ट्रॅक्टरांच्या स्टार्टरपाशी तशी सूचना चिकटवलेली असते.

बिघडलेला सुरक्षा स्विच तारेने कायमचा जोडून टाकणे हाही याच चुकीचा दुसरा प्रकार होय. त्या दिवसापुरते काम होते. परंतु पुढे कधी तरी पाती फिरत असताना चालक खाली पडला किंवा मुलाने किल्ली फिरवली, तर यंत्र थांबवणारे काहीच उरत नाही. स्विचची किंमत दुरुस्तीतील इतर भागांच्या मानाने अल्प असते. चाचणीसाठी तात्पुरता जोड दिला असल्यास तो काढून नवा स्विच बसवल्यावरच ट्रॅक्टर कामाला न्यावा.

प्रतिबंध

वरील दोषांपैकी बरेच दोष साठवणुकीच्या काळात निर्माण होतात. ट्रॅक्टर महिन्याहून अधिक काळ उभा राहणार असेल, तर पेट्रोल काढून कार्बुरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवावे, किंवा पेट्रोलमध्ये स्थिरक मिसळून ते कार्बुरेटरपर्यंत पोहोचेल इतका वेळ इंजिन चालू ठेवावे. बॅटरी सोडवून कोरड्या जागी ठेवावी आणि अधूनमधून चार्ज करावी. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर जमतो आणि तिची क्षमता कायमची घटते. नवी बॅटरीही वारंवार उतरत असेल, तर इंजिन चालू असताना तिच्या टोकांवरील दाब मोजावा. तो साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट नसेल, तर चार्जिंग यंत्रणा तपासणे आवश्यक असते.

प्रत्येक तपासणीचा आकडा आणि बदललेला भाग तारखेसह वहीत नोंदवून ठेवल्यास पुढील वेळी शोध कोठून सुरू करायचा हे लगेच कळते. मेकॅनिककडे जाण्याची वेळ आली, तरी ‘सुरू होत नाही’ या तक्रारीऐवजी ‘इंजिन फिरते, ठिणगी आहे, प्लग कोरडा आहे’ असे सांगता येते. एवढ्या माहितीवर मेकॅनिकला थेट इंधनमार्गापासून तपासणी सुरू करता येते.